विकत घेतलेल्या लिंका, गुगलची नोटीस आणि पुढे काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकणारं घरचं दुकान. एसइओचं, म्हणजे गुगलच्या शोधात साइट वर आणण्याचं, काम एका एजन्सीला दिलं. दरमहा ठरलेली रक्कम आणि त्यात ठरलेल्या संख्येनं 'हाय क्वालिटी बॅकलिंक', म्हणजे दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंका. सुरुवातीला साइट वर चढली. मग सर्च कन्सोल या गुगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनात 'तुमच्या साइटकडे येणाऱ्या अनैसर्गिक लिंका' या नावाची मॅन्युअल अ‍ॅक्शन आली आणि चपलांच्या शोधात दुकान दिसेनासं झालं. एजन्सी म्हणते, आम्ही सगळं व्हाइट हॅटच केलंय, आणखी थोड्या चांगल्या लिंका टाकल्या की जुन्या झाकल्या जातील. यात खरं किती, व्हाइट हॅट (गुगलच्या नियमात बसणारं काम) आणि ब्लॅक हॅट (नियम मोडून केलेलं) यांच्यातली रेघ नेमकी कुठे, आणि आता करायचं काय?

आधी एजन्सीच्या सल्ल्याबद्दल बोलतो, कारण तो ऐकलात तर सगळ्यात महागात पडेल. आणखी लिंका घेऊ नका, एकही नको. मॅन्युअल अ‍ॅक्शन म्हणजे गुगलमधल्या माणसानं तुमच्याकडे येणाऱ्या लिंका पाहिल्या आणि यात ठरवून केलेला प्रकार आहे असा शेरा मारला. तो शेरा काढून घेण्याचा निर्णयही माणूसच करणार. त्याच्यासमोर जुन्या घाणीसोबत या महिन्याची ताजी घाण गेली, तर तुमची विनंती पहिल्याच वाचनात बाद होईल. चांगल्या लिंकांनी वाईट लिंका झाकल्या जातात, हा हिशेब इथे लागूच होत नाही.

आता रेघ कुठे, ते बघू. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998 मध्ये स्टॅनफर्डमध्ये असताना जी पद्धत मांडली, तिचा गाभा साधा होता: एखादं पान स्वतःबद्दल काय म्हणतं याला किंमत कमी, बाकीची पानं त्याच्याकडे बोट दाखवतात का याला जास्त. आपण स्थळ बघताना हेच करतो. मुलाच्या वडिलांना 'मुलगा कसा आहे हो?' असं कोणी विचारत नाही, गल्लीत आणि ऑफिसात चौकशी करतात. आता वडिलांनीच गल्लीतल्या दहा जणांच्या हातावर पैसे टेकवले आणि 'मुलगा हिरा आहे' असं म्हणायला लावलं, तर त्या चौकशीला काय अर्थ उरला? लिंका विकत घेण्यावर गुगल का चिडतं, हे यावरून कळेल. प्रश्न गुगलच्या सोवळ्याचा नाही. त्यांचं सगळं उत्पादनच त्या चौकशीवर उभं आहे.

म्हणून एखादी युक्ती चांगली की वाईट हे तिच्या नावावरून ठरत नाही. गेस्ट पोस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या साइटवर लिहिलेला लेख, चांगलीही असते आणि वाईटही, डिरेक्टरीचं, म्हणजे दुकानांची यादी देणाऱ्या साइटचं, तसंच, प्रेस रिलीजचंही तसंच. माझ्याकडे एखादी लिंक तपासायला आली की मी तीन गोष्टी बघतो. लिंकच्या बदल्यात काही गेलं का? पैसेच असं नाही. चपलेचा फुकट जोड, सवलतीचं कूपन, 'तू मला दे, मी तुला देतो' हेही त्यात आलं. गेलं असेल, तर लिंकवर तशी खूण आहे का? आणि तिसरं, जे एजन्सीवाले कधी सांगत नाहीत: लिंकवर जे शब्द आहेत ते कुणी निवडले, लिहिणाऱ्यानं की विकणाऱ्यानं?

दुसऱ्या मुद्द्याचा थोडा खुलासा करतो, कारण इथे पुष्कळ गोंधळ असतो. पैसे देऊन लिंक घेणं मुळात चूक नाही, ती जाहिरात आहे. गुगलचं म्हणणं इतकंच, की जाहिरात असेल तर आम्हाला तसं कळू द्या, म्हणजे आम्ही ती शिफारस म्हणून मोजणार नाही. त्यासाठी 2005 साली लिंकच्या कोडमध्ये टाकायची 'नोफॉलो' ही खूण आली आणि 2019 मध्ये जाहिरातीसाठी 'स्पॉन्सर्ड' आणि वाचकांनी टाकलेल्या मजकुरासाठी 'यूजीसी' अशा दोन वेगळ्या खुणा आल्या. एखाद्या फॅशनवाल्या मुलीला तुम्ही जोड पाठवलात, तिनं लिहिलं, 'स्पॉन्सर्ड' खुणेसह लिंक दिली, तर तुमचा धंदा स्वच्छ. त्या लिंकवरून गिऱ्हाईक येईल, रँकिंग येणार नाही. (भारतात याला दुसरीही बाजू आहे. इन्फ्लुएन्सरांनी जाहिरात उघड सांगावी असा जाहिरात मानक परिषदेचा, म्हणजे एएससीआयचा, नियम 2021 पासून आहे आणि फुकट मिळालेली वस्तूही त्यात धरतात. तो मुद्दा ग्राहकाशी प्रामाणिकपणाचा आहे, गुगलशी त्याचा संबंध नाही.)

तुमच्या एजन्सीचं 'आम्ही सगळं व्हाइट हॅटच केलंय' हे वाक्य मी वाचलं तेव्हा मला अमेरिकेतली जेसी पेनी आठवली. या क्षेत्रातलं हे सगळ्यात गाजलेलं प्रकरण आहे आणि तपशिलात बघण्यासारखं आहे. जेसी पेनी म्हणजे जुनी, मोठी डिपार्टमेंट स्टोअरची साखळी. 2010 च्या ख्रिसमसच्या हंगामात गुगलवर नुसतं 'ड्रेसेस' टाकलं तरी पहिली जेसी पेनी, 'बेडिंग' टाकलं तरी जेसी पेनी, गालिचे शोधले तरी तेच. सॅमसोनाइटच्या हातातल्या बॅगा शोधल्या तर खुद्द सॅमसोनाइटच्या साइटच्या वर जेसी पेनी. न्यूयॉर्क टाइम्सच्या डेव्हिड सीगल या पत्रकाराला यात काहीतरी पाणी मुरतंय असं वाटलं आणि त्यानं एका जाणकाराकडून लिंका तपासून घेतल्या. 'कॅज्युअल ड्रेसेस', 'इव्हिनिंग ड्रेसेस', 'लिटल ब्लॅक ड्रेस' अशा शब्दांवरून जेसी पेनीच्या ड्रेसच्या पानाकडे नेणारी 2,015 पानं सापडली. ती कुठली? अणुअभियांत्रिकीची, कॅसिनोची, बल्गेरियातल्या जागाजमिनींची. पुष्कळशी साइट ओसाड पडलेली, आणि तळाला कुठेतरी झग्याची लिंक.

पुढचं आकड्यांतच बघा. गुगलच्या वेबस्पॅम विभागाचे प्रमुख मॅट कट्स यांच्यापर्यंत हे पुरावे गेले आणि कारवाई झाली. बुधवारी, 9 फेब्रुवारी 2011 ला संध्याकाळी सातला सॅमसोनाइटच्या बॅगांसाठी जेसी पेनी पहिल्या क्रमांकावर होती. नऊ वाजता 71 व्या. ज्या 59 शब्दांवर नजर ठेवली होती त्यांत कंपनीची सरासरी जागा 1 फेब्रुवारीला 1.3 होती, 10 फेब्रुवारीला 52. कंपनीनं सांगितलं, या लिंका आम्ही सांगून लावल्या नव्हत्या, आम्हाला ठाऊकही नव्हत्या. आणि एसइओ कंपनीला नारळ दिला.

यात दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. एक, 'आम्हाला ठाऊक नव्हतं' याचा उपयोग शून्य. लिंक कुणी लावली याची चौकशी गुगल करत बसत नाही, फायदा ज्याच्या साइटला झाला त्याची साइट खाली जाते. एजन्सीचं काही बिघडत नाही, ती दुसऱ्या दिवशी दुसरा क्लायंट घेते. दोन, त्याच बातमीत कट्स यांनी सांगितलं की जेसी पेनीची साइट त्याआधीही तीनदा नियमभंगात सापडली होती. म्हणजे पकडलं जाणं आणि खरी झळ बसणं यांच्यात बराच काळ जाऊ शकतो. आणि तेवढ्यात एजन्सीचे मासिक अहवाल अगदी हिरवेगार दिसतात.

तेव्हापासून असे बळी बरेच झाले. ओव्हरस्टॉक या अमेरिकेतल्या ऑनलाइन दुकानानं कॉलेजांच्या साइटवरून लिंका मिळाव्यात म्हणून विद्यार्थी-शिक्षकांना सवलती दिल्या, 2011 मध्येच सापडले. ब्रिटनमध्ये फुलं विकणारी इंटरफ्लोरा 2013 च्या फेब्रुवारीत व्हॅलेंटाइन डे उलटल्यावर स्वतःच्या नावानं शोधलं तरी दिसेना. कारण स्थानिक वर्तमानपत्रांच्या साइटवर पैसे देऊन छापलेले, खूण नसलेले लेख. तिथल्या मातृदिनाच्या तोंडावर ती परत आली. लिंका विकणाऱ्या वर्तमानपत्रांनाही फटका बसला, हे आपल्याकडच्या न्यूज पोर्टलवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखं. गाण्यांचे शब्द देणाऱ्या रॅप जीनियसनं ब्लॉगवाल्यांना सांगितलं, जस्टिन बीबरच्या गाण्यांच्या आमच्या लिंका तुमच्या लेखात टाका, आम्ही तुमचा लेख ट्विट करतो. 25 डिसेंबर 2013 ला शिक्षा, 4 जानेवारीला परत. आणि गुगलनं जानेवारी 2012 मध्ये स्वतःच्याच क्रोमचं पान खाली ढकललं होतं, कारण क्रोमच्या प्रायोजित लेखमोहिमेत एक लिंक बिनखुणेची सापडली. साठ दिवस.

इंटरफ्लोरासारख्या मोठ्या कंपन्या दहा-बारा दिवसांत परत येतात आणि आपण महिनोन्‌महिने रांगेत, असं तुम्हाला वाटेल. ते अगदीच खोटं नाही. लोक 'इंटरफ्लोरा' शोधतात आणि इंटरफ्लोरा दिसली नाही तर गुगलचंच हसं होतं. तुमचं दुकान दिसलं नाही तर कोणाला कळतही नाही. पण त्या कंपन्यांनी त्या दिवसांत हजारो लिंका उपसून काढायला माणसं बसवली होती, हेही तितकंच खरं.

शिक्षेचे प्रकार दोन आणि लोक ते सतत मिसळतात. एक तुमच्यासारखी मॅन्युअल अ‍ॅक्शन: माणसानं केलेली, सर्च कन्सोलमध्ये लेखी दिसणारी, अर्ज करून उठवता येणारी. दुसरी यंत्रानं आपोआप होणारी. तिची ना नोटीस येते ना अर्जाची सोय असते. 24 एप्रिल 2012 ला पेंग्विन हा बनावट लिंका पकडणारा गुगलचा बदल आला, तो या दुसऱ्या प्रकारचा. सुरुवातीच्या पेंग्विननं लोकांचे खरंच हाल केले: एकदा त्यात सापडलं की साफसफाई करूनही गुगल पुढची फेरी कधी चालवेल याची वाट बघायची. ऑक्टोबर 2014 ची फेरी झाली आणि पुढचा बदल आला सप्टेंबर 2016 मध्ये. जवळपास दोन वर्षं! त्या काळात धंदे बंद पडले, लोकांनी जुनं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, सोडून नवं घेतलं. 2016 पासून पेंग्विन मुख्य यंत्रणेचा भाग झाला, सतत चालू राहू लागला आणि त्याचा स्वभावही बदलला. आता संशयास्पद लिंक दिसली की बहुतेक वेळा ती मोजलीच जात नाही. डिसेंबर 2022 मध्ये स्पॅमब्रेन नावाची त्यांची यंत्रणा लिंकांवर चालवली तेव्हाही तेच झालं, लिंकांचं श्रेय काढून घेतलं गेलं.

या बदलाचा अर्थ नीट समजून घ्या, कारण बाजारात याचा उलटा अर्थ विकला जातो. 'आता गुगल दंड करत नाही, फक्त दुर्लक्ष करतं, मग घ्यायला काय हरकत आहे' असं सांगणारे भेटतील. अहो, दुर्लक्ष करतं म्हणजे तुम्ही दिलेले पैसे त्याच दिवशी गेले! शिक्षा नसली तरी माल मिळाला नाहीच. आणि ज्यांच्या बाबतीत प्रकार ठळक आहे, तिथे माणूस येऊन नोटीस लावतो, जशी तुम्हाला लावली.

प्रकार ठळक कशामुळे होतो? बहुतेक वेळा लिंकवरच्या शब्दांमुळे. हे तुम्ही स्वतः बघू शकता. सर्च कन्सोलमध्ये 'लिंक्स' या अहवालात जा, त्यात लिंकवरच्या मजकुराची यादी मिळते. नैसर्गिक यादी अस्ताव्यस्त असते: दुकानाचं नाव, नाव चुकीच्या स्पेलिंगनं, नुसता वेबसाइटचा पत्ता, 'इथे पाहा', 'या दुकानात', तुमच्या आजोबांचं नाव. लोक आळशी असतात आणि ज्याला जे सुचतं ते लिहितो. विकतची यादी मात्र शिस्तीत उभी असते: 'बाय ओरिजिनल कोल्हापुरी चप्पल ऑनलाइन', 'बेस्ट कोल्हापुरी चप्पल फॉर मेन', 'कोल्हापुरी चप्पल फॉर वेडिंग', पुन्हा 'बाय ओरिजिनल कोल्हापुरी...'. जगातला कुठलाही माणूस आपल्या लेखात आपणहून असं लिहीत नाही. मग त्यातल्या दोन-चार लिंका उघडा. माझ्याकडे येणाऱ्या प्रकरणांत साधारण असं वाक्य सापडतं: 'गाडीचा विमा घेताना कागदपत्रं नीट तपासावीत, त्याचप्रमाणे बेस्ट कोल्हापुरी चप्पल फॉर वेडिंग निवडतानाही दर्जाकडे लक्ष द्यावं.' विम्याच्या लेखात चप्पल शिरली ती अशी. त्याच लेखात खाली एक लिंक क्रिप्टोची, एक केस वाढवायच्या तेलाची. तीन क्लायंट एकाच पानावर उरकलेले. हे बघायला यंत्राची गरजच नाही.

एजन्सीचं मूळ कोटेशन तुमच्याकडे असेल तर ते काढा. त्यात बहुधा 'डीए 50 प्लस' असं काही असेल. डीए हा साइटचं वजन किती याचा मॉझ नावाच्या कंपनीचा अंदाज आहे, डीआर हा एहरेफ्स या दुसऱ्या कंपनीचा. दोन्ही गुगलचे नाहीत आणि गुगल ते वापरत नाही. वर सांगितलेल्या पेज-ब्रिन यांच्या पद्धतीतून निघणारा स्वतःचा पेजरँक आकडा गुगल पूर्वी ब्राउझरच्या टूलबारमध्ये दाखवायचं, तो 2016 मध्ये बंद झाला आणि ती पोकळी या आकड्यांनी भरली. जुनं, बंद पडलेलं, कुणा संस्थेचं डोमेन विकत घेऊन त्यावर भाराभर लेख टाकले तरी डीए 50 दिसू शकतो. असं जुनं डोमेन रँकिंगसाठी राबवणं गुगलनं मार्च 2024 च्या नियमांत वेगळं नाव देऊन बंदीत घातलं. 'न्यूज साइटवर लेख' या ओळीबद्दलही तेच: नावाजलेल्या साइटचा कोपरा भाड्यानं घेऊन तिच्या पुण्याईवर रँक मिळवणं त्याच नियमांत आलं आणि मे 2024 पासून त्यावर कारवाई सुरू झाली. 'शंभर टक्के डू-फॉलो' असं लिहिलं असेल तर तो कबुलीजबाबच समजा, कारण विकत दिलेली लिंक बिनखुणेची राहील याची हमी ते लेखी देताहेत.

आणि 'सरकारी डोमेनवरची लिंक' कोणी विकत असेल तर हात जोडून निघून या. मे 2024 मध्ये टेकक्रंचनं दाखवून दिलं की गोवा, कर्नाटक, केरळ, बिहार अशा राज्यांच्या सरकारी डोमेनवरच्या लिंका लोकांना सट्ट्याच्या साइटवर नेत होत्या. त्या काही कुठल्या तहसीलदारानं प्रेमानं दिलेल्या नव्हत्या. अशा लिंका घुसखोरीतून येतात आणि ती घेणं हा गुगलच्या नियमापुरता प्रश्न राहत नाही, पोलिसांचा होतो. या निमित्तानं तुमची स्वतःची साइटही तपासा. साइट वर्डप्रेसवर असेल आणि तिची थीम, म्हणजे तयार मांडणी, पैसे न देता कुठून तरी उतरवलेली असेल तर तळाला, डोळ्यांना न दिसणाऱ्या रंगात, दुसऱ्याच कुणाच्या लिंका असू शकतात. मग 'तुमच्या साइटवरून जाणाऱ्या अनैसर्गिक लिंका' ही दुसरी नोटीसही यायची.

आता काम. आधी एजन्सीकडून त्यांनी लावलेल्या प्रत्येक लिंकची यादी लेखी मागा. पैसे तुम्ही दिलेत, यादी तुमची आहे. बहुतेक एजन्सी मासिक अहवालात ती देतातच, एक्सेलमध्ये, मोठ्या अभिमानानं. ती यादी आणि सर्च कन्सोलच्या लिंक्स अहवालातून उतरवलेली यादी एकत्र करा. सर्च कन्सोल सगळ्या लिंका दाखवत नाही, नमुना दाखवतं, म्हणून एजन्सीची यादी लागते. मग एका स्प्रेडशीटमध्ये डोमेनवार बसा. लिंकमागून लिंक बघू नका, वेडे व्हाल. डोमेन बघा, एक पान उघडा, ठरवा: ठेवायची, काढायची, शंका.

ठेवायच्यांत चूक करू नका. घाबरलेली माणसं सगळंच काढायला निघतात. कोल्हापूरच्या एखाद्या फिरस्त्यानं लिहिलेल्या लेखातली लिंक, तुमच्या घाऊक गिऱ्हाइकाच्या साइटवरची लिंक, दिसायला गबाळ्या पण खऱ्या डिरेक्टरीतली लिंक, या राहू द्या. साइट दिसायला भिकार असणं हा गुन्हा नाही. आणि ज्या रशियन, चिनी, अगम्य साइटवरून कुणीही न सांगता लिंका येतात, 'प्रतिस्पर्ध्यानं मुद्दाम लावल्या' असं एजन्सी ज्यांच्याबद्दल सांगेल, त्या जगातल्या प्रत्येक साइटला येतात. गुगल त्या केव्हाच सोडून देतं. तुमची नोटीस त्यांच्यामुळे आली असण्याची शक्यता नगण्य आहे. तरी नोटीस असताना त्या यादीत घातल्या तर बिघडत नाही.

काढायच्या ज्या ठरतील त्यांच्या मालकांना लिहा. छोटं, सभ्य पत्र: अमुक पानावर आमच्या साइटची लिंक आहे, ती काढा किंवा नोफॉलो करा. तारीख आणि उत्तर स्प्रेडशीटमध्ये नोंदवा. काही जण लिंक काढायचेही पैसे मागतील. देऊ नका. मागणीचं पत्र जपून ठेवा, गुगलला दाखवायला तो उत्तम पुरावा आहे. बऱ्याच जणांकडून उत्तर येणारच नाही. थोड्या दिवसांनी एक आठवण पाठवा आणि पुढे चला.

जे निघत नाही ते डिसअव्हाव फाइलमध्ये, म्हणजे 'या लिंका मोजू नका' असं गुगलला सांगणाऱ्या यादीत, जातं. हे साधन ऑक्टोबर 2012 पासून आहे आणि तेव्हापासून त्याचा वापरापेक्षा गैरवापर जास्त झालाय. नोटीस नसलेल्या साइटला बहुतेक वेळा याची गरज नसते, हे गुगलही सांगतं. बिंगनं तर 2023 मध्ये आपलं हे साधन बंदच केलं. तुमच्याकडे मात्र नोटीस आहे, म्हणून वापरा. साधी टेक्स्ट फाइल, एका ओळीत एक डोमेन, ओळीची सुरुवात इंग्रजी 'डोमेन' या शब्दानं आणि कोलननं. सुटी पानं देत बसू नका, अख्खं डोमेन द्या, कारण त्याच साइटवर कॅटेगरीच्या, टॅगच्या, अर्काइव्हच्या पानांवर तीच लिंक दहा ठिकाणी असते. दोन खाचखळगे: सर्च कन्सोलमध्ये तुमची साइट 'डोमेन प्रॉपर्टी' म्हणून जोडली असेल तर हे साधन तिच्यावर चालत नाही, 'https' सकट पूर्ण पत्ता देऊन वेगळी प्रॉपर्टी जोडावी लागते. आणि नवी फाइल चढवली की जुनी पुसली जाते, त्यामुळे दुसऱ्या वेळी फक्त नवी नावं चढवाल तर आधीची सगळी मेहनत पाण्यात.

लिंका काढायचा प्रयत्न न करता नुसती डिसअव्हाव फाइल टाकून मोकळं होणाऱ्यांचे अर्ज परत येतात. फेरविचाराच्या विनंतीत त्यांना तीन गोष्टी हव्या असतात: काय घडलं ते सरळ कबूल केलेलं, काय निस्तरलं त्याचा पुरावा, आणि हे पुन्हा का होणार नाही. एजन्सीला शिव्या घालण्यात परिच्छेद घालवू नका. 'आम्ही अमुक काळात एका एजन्सीमार्फत पैसे देऊन लिंका लावून घेतल्या, ते काम थांबवलं आहे, ही स्प्रेडशीट, ही पत्रं' इतकं पुरे. स्प्रेडशीटची लिंक देताना ती उघडते ना, ते दुसऱ्याच्या फोनवरून तपासून बघा. बंद कुलपामागची स्प्रेडशीट पाठवणारे मी दर थोड्या महिन्यांनी बघतो.

एक कटू गोष्ट आधीच सांगून ठेवतो. नोटीस उठली तरी तुम्ही जुन्या जागेवर परत जाणार नाही. ती जागा विकतच्या लिंकांवर होती आणि त्या आता मोजल्या जात नाहीत. नोटिशीआधीची जागा 'आपली' समजून तिच्याशी तुलना करत बसू नका, एजन्सी लागण्याआधीच्या जागेशी करा.

मग खरी लिंक मिळते कशी? तुमच्या बाबतीत उत्तर इतकं समोर आहे की मला एजन्सीचा रागच येतो. जून 2025 मध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, मूळ कुठलं हे सांगितलं नाही, आणि गदारोळ झाल्यावर भारतीय परंपरेचा संदर्भ मान्य केला. त्या दिवसांत जगभरचे पत्रकार एकच गोष्ट शोधत होते: कोल्हापुरी म्हणजे नेमकं काय, हे कोणीतरी नीट लिहिलेलं पान. 2019 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तो महाराष्ट्राचं लिडकॉम आणि कर्नाटकचं लिडकर या दोन चर्मोद्योग महामंडळांना मिळून; त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि पलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. बाभळीची साल आणि हिरड्यात कातडं कमावतात. कापशी वेगळी, पायताण वेगळं. हे तुमच्या घरात रोज बोललं जातं, आणि तुमच्या साइटवर काय आहे? 'आमच्या चपला आरामदायक आणि स्टायलिश आहेत.' या वाक्याला कोण कशाला लिंक देईल?

कमावणीपासून वेणी घालण्यापर्यंतचं, तुमच्याच कारागिरांचे फोटो असलेलं एक पान मराठीत आणि एक इंग्रजीत करा. फोटोवर हात दिसू देत, नुसती तयार चप्पल नको. पावसात भिजली तर काय करायचं, करकर वाजते ती का, परदेशी मापाशी आपलं माप कसं जुळवायचं, खरी-खोटी कशी ओळखायची, यावर स्वतंत्र पानं. जीआयचे अधिकृत वापरकर्ते असाल तर ते ठळक सांगा. पुढच्या वेळी विषय निघेल, आणि तो निघतोच, तेव्हा ही पानं आधीपासून तिथे असली पाहिजेत. शिवाय ज्यांच्याशी तुमचा खराच संबंध आहे त्यांना विचारायला काहीच हरकत नाही: माल ठेवणारी दुकानं, प्रदर्शनांचे आयोजक, तुमच्याकडे अभ्यासाला आलेली डिझाइन कॉलेजची मुलं. 'आमचं नाव घेतलंय, तर साइटचा पत्ता जोडाल का?' हे विचारणं पूर्णपणे स्वच्छ आहे. लिंकवर कुठले शब्द ठेवा हे मात्र सांगू नका. आणि विकिपीडियावर जाऊन स्वतःची लिंक चिकटवू नका. तिथल्या बाहेरच्या लिंका नोफॉलो असतात, रँकिंग मिळत नाही, आणि संपादक काढून टाकतात ते वेगळंच.

नवी एजन्सी घेणार असाल तर करारात लिंकांची संख्या लिहू नका. संख्या लिहिली की ती भरायला विकत घेणं आलंच. कामाची नावं लिहा: ही पानं, हे फोटो, ही तांत्रिक दुरुस्ती. आणि लावलेली प्रत्येक लिंक तुम्हाला आधी दाखवायची, ही अट.

विनंती पाठवल्यावर उत्तराला काही दिवस ते काही आठवडे लागतात, लिंकांच्या प्रकरणात थोडे जास्तच. तोवर दुसरी विनंती पाठवू नका. पहिली नाकारली गेली तर उत्तरात बहुधा एक-दोन नमुना लिंका दिलेल्या असतात. त्या आधी उघडा, कारण तुमच्या यादीतून त्याच जातीच्या लिंका सुटलेल्या असतात, आणि स्प्रेडशीट पुन्हा तिथूनच सुरू करायची.